थंडीत प्रेशर वॉशरने भिंत धुवावी का?

राम राम मंडळी. धुळ्यात देवपुरात आमचं दुमजली घर. उत्तरेच्या भिंतीवर पावसाळ्याचं शेवाळ काळं पडलंय, सज्जाखाली पोपडे सुटलेत. माघात पोरीचं लग्न आहे. पहाटे पारा सात-आठवर येतोय. मशीन भाड्याने आणू की होळीपर्यंत थांबू?

— थांबता कशाला भाऊ? अकराला सुरू करा, तीनला आटपा. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागत नाही, ओल लवकर जात नाही. म्हणून रंगाआधी चार-पाच दिवस सोडा, आणि 10 अंशांखाली इमल्शन लावूच नका. नोझल पांढरं, 40 अंशांच्या कोनात पाणी फाकवणारं. दोन फुटांवरून, वरून खाली. लाल नोझल प्लास्टरच उकलतं. पोपडे आधी पत्रीने खरवडून काढा.

— वायरमन आहे, म्हणून सांगतो: बाहेरचे बोर्ड, मीटर झाका, त्या बाजूची लाइन बंद ठेवा. मशीन आरसीसीबीवरच, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणाऱ्या स्विचवर. शिडीवरून गन मारू नका, मागे धक्का बसतो. खालूनच लांब दांडीने करा.

— पोरगा म्हणतो, बंबातलं कढत पाणी सोडू, शेवाळ पटकन सुटेल.

— अजिबात नको! साध्या मशीनचे सील जातील, भाडेवाला डिपॉझिट ठेवून घेईल.