हौशी गेम पुरस्कारांचं परीक्षण: वेळ किती जातो? सल्ला हवा

खानापूरचा_मास्तर
मंडळी, मी हायस्कूलला शिक्षक. टिळकवाडीत शनिवारी आमचा टेबलटॉप रोलप्लेइंगचा (टेबलाभोवती बसून पात्रं वठवत गोष्ट खेळायचा) डाव असतो. तिथल्या एकानं पिल्लू सोडलंय, 'सर, एनी पुरस्कारांच्या (या रोलप्लेइंग गेम्सना मिळणाऱ्या) परीक्षकपदाला उभे राहा.' मानधन नाही, ते ठीक. पण एप्रिलात दहावीचे पेपर तपासायचे असतात, शिवाय शेती. वेळ नेमका किती जातो?

निपाणीचा_गेममास्टर
सर, आधी घरी विचारा. 😄
तिथं परीक्षक पाचच, तेही लोकांच्या मतांवर निवडून येतात. विजेते शेवटी लोकच ठरवतात, पण नामांकनं काढायचं ओझं या पाच जणांवर. पाठवलेल्या गेम्सच्या नोंदी शेकड्यांनी येतात. दोनशे धरा, प्रत्येकीला दोन तास दिले तरी चारशे तास झाले. रोज दोन तास बसलात तर दोनशे दिवस! आणि दोन तासांत तीनशे पानी नियमपुस्तक चाळून होतं, वाचून नाही. पेन्सिल घेऊन एक कॅरेक्टर बनवायला बसा, मग कळतं: जादूचे नियम एका टोकाला, त्यांचा तक्ता दुसऱ्या टोकाला, सूचीत दोन्हींचा पत्ता नाही. परीक्षकानं हेच तर पकडायचं.
मतदान जुलैत, समारंभ इंडियानापोलिसच्या जेन कॉन या गेम्सच्या मेळाव्यात. म्हणजे वाचनाचा रेटा नेमका तुमच्या पेपरांच्या आसपास. अमेरिकेतल्यांची संध्याकाळची मीटिंग आपल्याकडं पहाटे, हे वेगळंच.

शहापूरची_सोंगटी
एकदम एवढी मोठी उडी कशाला? आयएफकॉम्प बघा. मजकुरावर चालणाऱ्या गेम्सची स्पर्धा, 1995 पासून चालू आहे. निवडणूक नाही, कुणीही परीक्षक होऊ शकतं. किमान 5 गेम्सना गुण द्यायचे, आणि पहिल्या दोन तासांत जेवढं खेळलात त्यावरच. म्हणजे फार तर दहा तास, तेही साधारण सहा आठवड्यांत. सुरुवात सप्टेंबरात होते, तेव्हा गणपतीचं तेवढं सांभाळा.

चिक्कोडीकर
बोर्ड गेमचं कुणी सांगेल काय? श्पील देस यारेस या जर्मन पुरस्काराच्या परीक्षकपदाला अर्ज करता येतो?

निपाणीचा_गेममास्टर
नाही हो. तिथं जर्मन भाषेत लिहिणारे समीक्षक असतात, 1979 पासून पुरस्कार देतात. आणि बोर्ड गेमला एकट्याचा वेळ पुरत नाही. चौघं जमवा, नियम समजावून सांगा, तोवर एकाला घरून फोन येतो. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या स्पर्धेनं बोलावलंच, तर तीनच गोष्टी विचारा: नोंदी किती, खेळून बघायचं की वाचून चालेल, आणि निकाल कधी. आकडा सांगायला टाळाटाळ केली की समजा, त्यांनीच हिशेब केलेला नाही.

खानापूरचा_मास्तर
मग यंदा आयएफकॉम्पच. विसर्जन झालं की बसतो. ताई, फोनवर चालतात काय?

शहापूरची_सोंगटी
व्हय की सर, बरेचसे ब्राउझरमध्येच चालतात. टाइप करायचे असतील ते घरी कीबोर्डवर खेळा, पर्याय निवडायचे रेल्वेतसुद्धा होतात. फक्त लोंढ्याकडं जाणार असाल तर आधी डाउनलोड करून ठेवा, जंगलात रेंज जाते.