नाग नदीत बोटी चालतील का?

महालकर: केरळात २०१७ पासून वैकमजवळ 'आदित्य' ही सौरऊर्जेवरची बोट प्रवासी नेते-आणते. कोचीत २०२३ पासून विजेच्या बोटींची वॉटर मेट्रो आहे. मग आपल्या नागपूरच्या नाग नदीत, अंबाझरी तलावापासून अशोक चौकापर्यंत, छोट्या विजेच्या बोटी काहून नको? आज सगळं शहर नदीकडे पाठ करून बसलंय. लोक रोज तिच्यातून गेले, तर कचरा टाकणाऱ्याला हटकतील तरी.

धंतोलीकर: भाऊ, केरळचं ते पाणी समुद्रसपाटीचं, बॅकवॉटरचं. बारा महिने भरलेलं. नागपूर तीनशे मीटर उंचावर, नाग उतारानं पळते आणि उन्हाळ्यात तिच्यात वाहतं ते सांडपाणीच. बोट तरंगवायची तर बंधारे घालावे लागतील, म्हणजे मैला अडवून ठेवायचा. शिवाय २३ सप्टेंबर २०२३ विसरलात? अंबाझरी ओसंडली, घरांत पाणी शिरलं, पंचशील चौकातला पूल खचला. त्या पात्रात आणखी अडथळे?

महालकर: पक्के बंधारे कोण म्हणतंय? पावसाळ्यात खाली बसणारे रबरी बंधारे असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम ठेवा.

पारडीवाला: राजेहो, तुमची बोट अशोक चौकात थांबते, पाणी थांबत नाही. ते पारडीत आमच्या दारावरून पुढं कन्हान नदीला, तिथून वैनगंगेत आणि गोसेखुर्दच्या जलाशयात जातं. बोटीत कोण बसेल हे मागाहून पाहू, आधी तिथल्या ढिवर बांधवांना विचारा जाळ्यात काय येतं ते. नदी स्वच्छ करायची सुमारे १,९२७ कोटींची योजना मंजूर आहे. तिचा हिशेब मागा, तिकिटाचा नंतर. आणि केरळचंही कौतुक जपूनच करा. कोळिकोडचा कनोली कालवा १८४८ सालचा, त्यातही शहराची घाण उतरते. आलप्पुळाच्या डिझेल हाऊसबोटींनी वेंबनाड सरोवराचं काय केलं, तेही वाचा.

महालकर: डिझेलचा मुद्दा मान्य, म्हणूनच तर विजेच्या बोटी म्हणतोय. पण सगळी नदी शुद्ध होईस्तोवर वाट पाहायची तर आपली नातवंडंही काठावरच उभी राहतील. एक किलोमीटरचा तुकडा तरी करून पाहू. वरून येणारं सांडपाणी काठानं पाइपमधून नेलं, की तेवढ्यात चांगलं पाणी ठेवता येईल.

पारडीवाला: आणि तो पाइप सोडणार कुठं? आमच्याकडंच ना?