स्पेन्सरचा कुणी न टिपलेला १४७

स्नूकरमध्ये १४७ म्हणजे एका फेरीत सलग करता येणारे कमाल गुण, म्हणजेच सर्वात मोठा ब्रेक. टीव्हीवरचा पहिला १४७ स्टीव्ह डेव्हिसचा, असं म्हणतात ते बरोबरच. ११ जानेवारी १९८२, इंग्लंडमधलं ओल्डहॅम, लाडा क्लासिक स्पर्धा. बक्षीस काय, तर लाडा गाडी! पण तेव्हा समोरच्या खुर्चीत कोण होतं? जॉन स्पेन्सर. या गड्याने जानेवारी १९७९ मध्येच इंग्लंडमधल्याच स्लावला, होल्स्टन लागर इंटरनॅशनल स्पर्धेत, क्लिफ थॉर्बर्नविरुद्ध १४७ चा ब्रेक केला होता. कॅमेरे हॉलमध्येच होते, पण बंद. चालवणारी मंडळी खायला गेलेली! त्यात टेबलाची पॉकेटं मापात नव्हती, म्हणून अधिकृत नोंदही हुकली. स्पर्धा मात्र त्यानेच जिंकली. आणि तीन वर्षांनी डेव्हिस शेवटचा काळा बॉल घालतो, तेव्हा हाच बिचारा बसून बघतोय. मला तर त्या फ्रेममध्ये डेव्हिसपेक्षा त्याचाच चेहरा बघावासा वाटतो.