बहीण बाळंतपणाला चंदगडहून माहेरी आलीय, महाराष्ट्राचं कार्ड खानापुरात चालेल का?

जांबोटीकडचा भाऊ:
नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला चंदगड तालुक्यात (कोल्हापूर जिल्हा) दिलंय. पहिलंच बाळंतपण, सातवा संपत आला म्हणून माहेरी आणलंय. आमची वाडी इकडं कर्नाटकात, खानापूर तालुक्यात, जांबोटीहून आत, कणकुंबीच्या अंगाला. तिचं गरोदरपणाचं कार्ड महाराष्ट्राचं. इथल्या आशाताई म्हणतात की इकडचं तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं कार्ड) काढा. शेजारी सांगतात, आधार तिकडचं आहे, सरकारी दवाखान्यात पैसे मागतील, त्यापेक्षा खासगीत न्या. तेवढी आमची ऐपत नाही.
दुसरी धास्ती पावसाची. तारीख ऑगस्टमधली दिलीय. ओढा भरला की वाट बंद, आणि रेंज फक्त टेकडीवर. आई म्हणते, कळा सुरू झाल्या की बघू. मला तेवढं थांबायचं नाही. काय तयारी करू?

चंदगडची सून:
दादा, माझं पण माहेर बेळगाव तालुक्यातलं, दोन्ही बाळंतपणं तिकडंच झाली. सासरचं कार्ड अजिबात टाकू नका. त्यावर आरसीएच नंबर (गरोदर बाईच्या सरकारी नोंदीचा नंबर) असतो, तो इथल्या सिस्टरना दाखवा आणि जुने सगळे रिपोर्ट त्याच पिशवीत ठेवा. सासरच्या आशाताईंना फोन करून इथल्या आशाताईंशी जोडून द्या. माझं तेवढ्यानंच सोपं झालं, नाहीतर दोघींनाही वाटतं की दुसरी बघतेय.

निवृत्त सिस्टर, खानापूर तालुका:
बाळा, आधी पैशाची भीती काढून टाक. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या कुठल्याही बाईला प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, सगळं मोफत. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवणही. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी सोडायची गाडी त्यातच येते. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचारही. बाई कर्नाटकची की महाराष्ट्राची, हा प्रश्न त्यात येत नाही. तायी कार्ड काढून घे, इथल्या नोंदीला बरं पडतं.

आता खरं काळजीचं. तिचं हिमोग्लोबिन किती आहे? तू तारीख लिहिलीस, पाऊस लिहिलास, हे लिहिलं नाहीस. 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली असेल तर घरी ठेवायचंच नाही. जंगलपट्ट्यात काम करताना मी घरात गेले की आधी पोरीची खालची पापणी ओढून बघायची. एकीची पापणी कागदासारखी पांढरी. गोळ्या घेतेस का म्हटलं, तर हो म्हणाली. सासूनं तांदळाचा डबा पुढं केला, त्यात पानंच्या पानं तशीच! शौचाला काळं होतंय म्हणून भिऊन बंद केल्या होत्या, आणि आधी घेतल्या त्या चहासोबत. काळं होणं साहजिक आहे, त्यानं काही बिघडत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, दोन्हींत चांगलं अंतर ठेव. बहिणीला विचारून थांबू नकोस, पानं स्वतः मोज.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर बघतात. तेव्हा ने, रक्त, लघवी आणि बीपी तपासून घे. बीपी 140/90 किंवा वर गेलं, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, तोंडावर सूज आलीय, अंगावर रक्त किंवा पाणी गेलंय, बाळाची हालचाल मंदावलीय, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही.

आणि आईला माझं नाव सांग. कळा सुरू झाल्यावर निघायचं हे गावात राहणाऱ्याचं झालं, तुमच्या वाडीचं नव्हे. 108 येते, पण ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबेल. सीमेवर टॉवर महाराष्ट्राचा पकडला तर फोन तिकडच्या केंद्रात लागतो, म्हणून बोलताना आधी 'खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा' सांगायचं. ट्रॅक्सवाल्याचा नंबर वेगळा लिहून ठेव. पण हे सगळं नंतरचं. तारखेच्या पंधरा दिवस आधी तिला खानापुरात किंवा बेळगावात पाहुण्यांकडे आणून ठेव. खानापुरात काही अवघड वाटलं तर बेळगावच्या सिव्हिलला पाठवतात, तो टप्पा पंचवीस-तीस किलोमीटरचा. वाडीतून धरलास तर केवढा होतो बघ.

भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, आमगावकडं पावसाळ्यात आजारी माणसाला अजून डोलीतून आणतात. महाराष्ट्रात आदिवासी भागात दवाखान्याजवळ 'माहेरघर' असतं, तारीख जवळ आलेली बाई तिथं आधीच येऊन राहते. खानापूरच्या पट्ट्यात प्रत्येकाचे पाहुणे शहरात नसतात, इथं अशी एक खोली हवीच. मी नोकरीत असतानाही हेच मागत होते, आजही मागते.

जांबोटीकडचा भाऊ:
सिस्टर, रिपोर्ट काढून बघितला, 9.2 आहे. गोळ्यांची दोन पानं भरलेलीच सापडली. येत्या 9 ला नेतो. खानापुरात मामी आहेत, त्या ठेवून घ्यायला तयार झाल्या. आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं, आता ती बोलत नाही पण पिशवी भरायला लागलीय. बाळ झाल्यावर ती चंदगडला परत जाईल, मग लसी कुठं?

निवृत्त सिस्टर, खानापूर तालुका:
9.2 आहे तर 9 तारखेपर्यंत थांबू नकोस, उद्याच आरोग्य केंद्रात दाखव. गोळ्या किती वाढवायच्या की इंजेक्शनातून लोह द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील.
बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि काविळीची लस जन्मल्यावर दवाखान्यातच देतात, ती घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. पुढची लस दीड महिन्याला, बहीण चंदगडात असली तर तिथं, इथं असली तर इथं. लसीकरण सगळ्या देशात एकच आहे, फक्त कार्डावर तारीख लिहून घ्या. जन्माची नोंद मात्र जिथं बाळ झालं तिथलीच, 21 दिवसांच्या आत. बाळंत झाल्यावर सुट्टी घेताना दाखल्याचं विचारूनच बाहेर पड. मातृवंदना योजनेचा पहिल्या बाळाचा दुसरा हप्ता या जन्मनोंदीवर आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसींवर मिळतो. तो अर्ज सासरच्या अंगणवाडीत भरलाय का, ते आज रात्रीच जावईबापूंना विचार.