लवाद म्हणजे माणूस की कोर्ट?

प्रश्न : घराच्या इंटिरियरच्या कामाचा करारनामा सहीला आलाय. त्यात एक कलम : 'वाद उद्भवल्यास तो एकमेव लवादाकडे सोपवला जाईल व लवादाचा निवाडा उभय पक्षांवर बंधनकारक राहील.' मला लवाद म्हटलं की हरित लवाद, नाहीतर कृष्णा पाणी तंटा लवाद आठवतो. सनमायक्याच्या भांडणात हे कुठून आले?

उत्तर : इथे लवाद म्हणजे माणूस. हरित लवाद कायद्याने बसवलेला, तिथे तुमची संमती कोणी विचारत नाही. करारातला लवाद मात्र तुम्ही दोघांनी सही केलीत म्हणूनच अस्तित्वात येतो. पहिल्याला न्यायाधिकरण म्हणायला हवं होतं, पण मथळ्यात बसायला लवाद सोपा.

प्रश्न : मग सरळ मध्यस्थ का नाही?

उत्तर : नको! मध्यस्थ समजूत घालतो. नाही जमलं तर चहा पिऊन उठतो. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो, आणि १९९६च्या लवाद कायद्याप्रमाणे त्याची बजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते. निवाडा रद्द करून घ्यायला साधारण तीन महिन्यांत कोर्टात जाता येतं, पण कारणं मोजकीच. 'पुरावा नीट तोलला नाही' एवढं पुरत नाही. हिंदीत याच कायद्याला 'माध्यस्थम्' म्हणतात, तिथून घोळ मराठीत शिरतो.

आणखी एक : पंच हा आपला जुना शब्द, पण पंचनाम्यातले पंच नुसते साक्षीला असतात. पेशवाईत पंचायतीपुढे जाण्याआधी दोन्ही पक्ष निर्णय मान्य असल्याचं लिहून देत, त्या कागदाला राजीनामा म्हणत. आता राजीनामा दिला की माणूस नोकरी सोडतो!

पण शब्द सोडा, 'एकमेव' लवाद नेमणार कोण ते बघा. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये म्हटलंय. फीही विचारा, न्यायाधीश बिल पाठवत नाही, लवाद पाठवतो. हे कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. लहान रकमेला तोच परवडतो.

प्रश्नकर्ता : विचारलं. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, ते वकिलाने टाकलंय, मी कुठे वाचलंय?"