बी.फार्म करायचंय, घर दिगंबर जैन: कॉलेज निवडताना आधी काय बघावं?

पाणवठा_शिरोळ
धाकट्या बहिणीची बारावी पीसीबीतून झाली, सीईटीही दिली. बी.फार्मच करायचं हे तिचं पक्कं आहे. आम्ही दिगंबर जैन, घरात मराठी. ती कंदमुळं खात नाही, रात्री जेवत नाही, अष्टमी-चतुर्दशी पाळते.

फार्मसीत बेडूक-उंदीर कापावे लागतात का? तसं असेल तर ती कोर्सच घेणार नाही. दुसरं, मुंबईच्या जैन ट्रस्टांच्या कॉलेजांत आपल्याला जागा लवकर मिळते असं सगळे म्हणतात, ते खरं का? आणि माहितीपत्रकात 'जैन जेवणाची सोय' असं छापलेलं असतं, त्यावर कितपत विसंबावं? सांगली-कोल्हापूर-सोलापूर बरं पडेल, गरज पडली तर नाशिककडेही चालेल.

खलबत्ता
बी.फार्मपुरतं उत्तर: नाही. फार्मसी कौन्सिलचा २०१७पासूनचा अभ्यासक्रम काढून बघा. फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावर होणारा परिणाम) चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सत्रात येतं, आणि प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर व व्हिडिओवर दाखवायचे असं प्रॅक्टिकलच्या यादीखालीच लिहिलंय. बेडकाच्या हृदयाचा आलेख पडद्यावर येतो, मुलं तो वहीत उतरवतात. पहिल्या सत्रात शरीरशास्त्रात रक्तगट, हिमोग्लोबिन वगैरे असतं, पण त्यासाठी बोट स्वतःचंच टोचायचं.

कॉलेजात गेलात की 'तुमच्याकडे प्राणी कापतात का' असं विचारू नका, 'नाही हो' एवढंच उत्तर मिळेल. चौथ्या सत्राचं फार्माकॉलॉजीचं जर्नल बघायला मागा. त्यावरून पाच मिनिटांत कळतं.

खरी अडचण भलतीकडेच येते आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. पहिल्याच सत्रात फार्मास्युटिक्सला (औषध तयार करायचा विषय) ग्लिसरो-जिलेटिन सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायची औषधाची वडी, करायची असते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. चौथ्या सत्रात फार्माकोग्नॉसीत (नैसर्गिक औषधी द्रव्यांचा विषय) डिंक, आगर, स्टार्च यांच्याबरोबर जिलेटिन आणि मध यांच्या रासायनिक चाचण्या आहेत. पुढे कॅप्सूल भरायच्या, तिथेही टरफल बहुधा जिलेटिनचंच. एचपीएमसीचं वनस्पतिजन्य टरफल मिळतं, पण कॉलेज ते मागवेलच असं नाही. यातलं काही खायचं नसतं, हाताळायचं मात्र असतं. मायक्रोबायोलॉजीत जिवाणू वाढवून शेवटी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, मारतात. हे तिला चालतं का, ते फॉर्म भरायच्या आधी तिलाच विचारा. ते तुम्ही-आम्ही ठरवण्यातलं नाही.

एम.फार्मला मात्र विषय बघून जायचं. फार्माकॉलॉजी घेतलं तर जिवंत प्राणी, प्राणिगृह, नैतिक समितीची मंजुरी हे सगळं आलंच. फार्मास्युटिक्स, अ‍ॅनालिसिस किंवा क्वालिटी अ‍ॅशुरन्स घेतलं तर हा प्रश्न सहसा येत नाही.

कॅप_राउंड
जागांबद्दल सांगतो, कारण इथे आपल्या भागातली घरं हमखास फसतात.

अल्पसंख्याक दर्जा दोन प्रकारचा असतो, धार्मिक आणि भाषिक. मुंबईतली बरीच 'जैनांची' म्हणून ओळखली जाणारी कॉलेजं कागदोपत्री गुजराती भाषिक अल्पसंख्याक आहेत. इंजिनिअरिंगमधलं द्वारकादास संघवी हे त्याचं ठळक उदाहरण. तिथला कोटा गुजराती मातृभाषेसाठी आहे. आडनाव पाटील, चौगुले किंवा मगदूम आणि बोली मराठी असेल, तर जैन असून तिथं काही उपयोग नाही. तुम्हाला हवं ते 'धार्मिक अल्पसंख्याक – जैन'. मागच्या वर्षीच्या कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या) कटऑफ यादीत कॉलेजच्या नावाखाली दर्जाची ओळ असते ती वाचा, आणि त्याखाली एमआय (मायनॉरिटी) या रकान्यातले गुण बघा. ट्रस्टच्या नावावरून अंदाज बांधू नका. नाव फसवतं: इंजिनिअरिंगमध्येच बघा, सांगलीचं वालचंद अनुदानित आहे, तर सोलापूरचं वालचंद ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेचं.

विनाअनुदानित अल्पसंख्याक कॉलेजात निदान ५१ टक्के जागा त्या समाजाच्या, राज्यातल्या मुलांसाठी असतात. म्हणजे १०० जागांत ५१. तिथे जातनिहाय आरक्षण नसतं आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटकाच्या) जागाही नसतात. तरीही उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस दाखला काढाच. बाकीच्या कॉलेजांत तो चालतो, शिवाय २०२४-२५पासून मुलींच्या फीमाफीलाही लागतो. ही माफी कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच आहे. संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा घेतली की माफी गेली.

पहिल्या फेरीत पसंतीक्रमातलं पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ते आपोआप पक्कं होतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. नंतरच्या फेऱ्यांचा नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघा. 'कोटा आहे, मिळेल' एवढ्यावर कुठलंही कॉलेज वर टाकू नका.

बघायला जायची दोन सांगतो. सांगलीत लठ्ठे एज्युकेशन सोसायटीचं आप्पासाहेब बिरनाळे फार्मसी, आणि नाशिक जिल्ह्यात चांदवडला नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाचं सुरेशदादा जैन फार्मसी. दोन्हींचा यंदाचा दर्जा यादीतच तपासा.

सांजवेळ
जैन कॉलेज म्हणजे जैन ताट, हे समीकरण मनातून काढा. दर्जा संस्था चालवणाऱ्यांचा आणि जागांचा असतो. मेस ठेकेदाराची असते.

आधी घड्याळ बघा. फार्मसीचं एकेक प्रॅक्टिकल चार तासांचं. दुपारची बॅच दीडला सुरू झाली तर साडेपाचला सुटणार. डिसेंबरात सांगलीत सूर्य सहाच्या आसपास मावळतो. दोन घडी आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण आटोपायचं असेल तर पाचच्या आधीच ताट पुढ्यात हवं, आणि तेव्हा ती एप्रन घालून टायट्रेशन करत असेल. बहुतेक मेस उघडतात साडेसात-आठला. म्हणून कॉलेजकडून पहिल्या वर्षाचं मागचं वेळापत्रक घ्या. सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी तास असेल तर निभतं. बॅच हजेरी क्रमांकाने पडतात, नंतर बदलून मिळणं अवघड.

मेसमध्ये फक्त तीन गोष्टी बघा. जैन भाजीची कढई वेगळी आहे की एकाच कांदा-लसणाच्या वाटणातून सगळं होतं? विकतच्या गरम मसाल्याच्या पाकिटावर लसूण-आलं लिहिलंय का? आणि जैन ताट रोज घेणारी मुलं किती? ती हातावर मोजण्याइतकी असली, तर दिवाळीनंतर ती सोय बंद झालीच समजा. सोमवारी सकाळी न कळवता जा. कांदेपोहे आणि सांबार याशिवाय नाश्त्याला तिसरं काय आहे ते दिसेल.

माझं मत विचाराल तर कॉलेजची मेस सोडा आणि समाजाच्या वसतिगृहाजवळचं कॉलेज बघा. दक्षिण भारत जैन सभेचा सांगलीतला कळंत्रे आक्का जैन महिलाश्रम मुलींसाठी आहे. खोली, फी आणि संध्याकाळच्या जेवणाची वेळ तिथे जाऊनच विचारा. प्रवेशाची यादी लागायची वाट बघत बसलात तर खोल्या संपतात.

पाणवठा_शिरोळ
सगळ्यांचे आभार. एक घोळ आहे. तिच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'हिंदू-जैन' लिहिलंय. आणि दशलक्षण पर्वात दहा दिवस सुट्टी घेतली तर?

कॅप_राउंड
आपल्याकडच्या निम्म्या दाखल्यांवर तेच असतं. कॉलेजमधून दाखला काढला नसेल तर आजच जाऊन प्राचार्यांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. नाव रजिस्टरवर असेपर्यंत दुरुस्ती सोपी, एकदा बाहेर पडलं की फार किचकट. सोबत वडिलांचा 'जैन' लिहिलेला जुना दाखला जोडा. सीईटीच्या माहितीपुस्तिकेत अल्पसंख्याक असल्याच्या घोषणापत्राचा नमुना आहे, तोही भरून ठेवा. आणि अर्जात अल्पसंख्याक दाव्यापुढे खूण केलीय का ते कागदपत्रं तपासायच्या आधीच बघा, अंतिम गुणवत्ता यादीनंतर काही करता येत नाही.

खलबत्ता
हजेरी ८० टक्के लागते, तीही प्रत्येक विषयात, थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळी. प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदाच असतं. सत्रात १५ झाली तर १२ हवीतच, म्हणजे चुकवायला फक्त तीन. दशलक्षणात प्रत्येक विषयाची एक किंवा दोन बुडतील. मग उरलेलं सत्र आजारी पडायचं नाही, असा हिशेब. त्यापेक्षा दहा दिवस सकाळी मंदिर, नंतर कॉलेज, आणि पूर्ण सुट्टी फक्त अनंत चतुर्दशीला, असं जमतंय का बघा.