स्प्रिंग एअर रायफलच्या स्कोपला रेटिकल (आतल्या नेमाच्या रेघा) कोणतं घ्यावं?

कोथरूडकर: .१७७ (नळीचा व्यास इंचात) ची स्प्रिंग रायफल आहे. छर्रा ८.४ ग्रेन (सुमारे अर्धा ग्रॅम), वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर. मुळशीकडे शेतात मातीच्या बांधापुढे १० ते ४५ मीटरवर लोखंडी पाडायची टार्गेटं लावतो, भोक २५ ते ४० मिमी. ४-१२×४० स्कोप (४ ते १२ पट झूम, पुढची काच ४० मिमी) घ्यायचा आहे. ड्युप्लेक्स (साधा क्रॉस, कडेला जाड रेघा), मिल-डॉट (दर मिलला ठिपका; १ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) की अर्ध्या मिलच्या खुणांचं? परदेशी लेखांत सल्ला ससे-खारींच्या शिकारीच्या हिशेबाने असतो, तो इथे चालेल का?

नेम_औंध: अर्ध्या मिलचं घ्या. स्कोप नळीच्या ४.५ सेंमी वर आणि झीरो (जिथे छर्रा बरोबर नेमावर लागतो ते अंतर) ३० मीटरवर धरलं, तर तुमचा छर्रा १५ ते ३० मीटरमध्ये नेमाच्या रेषेपासून अर्धा-पाऊण सेंटिमीटरपेक्षा जास्त हलत नाही. तिथे साधा क्रॉसही पुरतो. अडचण दोन्ही टोकांना आहे. ४० मीटरवर छर्रा सुमारे ३ सेंमी खाली, म्हणजे ०.७ मिल. १० मीटरवर तो १ सेंमी खाली, पण तिथे १ सेंमी म्हणजे पूर्ण १ मिल! जवळच्या टार्गेटलाही वर धरावं लागतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ड्युप्लेक्समध्ये हे अंदाजाने करावं लागतं. मिल-डॉटमध्ये ०.७ दोन ठिपक्यांच्या मधे हवेत लटकतं.

आडव्या रेषेवरही खुणा हव्यातच. ताशी १० किमीचा आडवा वारा ४० मीटरवर छर्रा ४ सेंमीच्या आसपास ढकलतो, म्हणजे १ मिल. झाडासारखं जाळं मात्र नको, ४५ मीटरसाठी तेवढ्या खुणा लागत नाहीत आणि छोटं भोक त्यात झाकलं जातं.

बाणेर_बेंच: खुणांइतकंच फोकल प्लेन बघा, म्हणजे रेटिकल झूमच्या भिंगांपुढे आहे (पहिलं प्लेन) की मागे (दुसरं). दुसऱ्या प्लेनच्या स्कोपमध्ये खुणा एकाच झूमला खऱ्या असतात. १२ला खऱ्या असतील तर ६वर १ मिलची जागा २ मिल होते. तपासायला २५ मीटरवर पट्टी उभी करा. १ मिलमध्ये नेमके २.५ सेंमी बसेपर्यंत झूम फिरवा, रिंगवर रंगाची खूण करा आणि सगळे नेम त्याच झूमवर धरा. पहिल्या प्लेनमध्ये ही कटकट नाही, पण ४वर रेघा इतक्या बारीक होतात की आंब्याच्या सावलीत सापडत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं. पॅरॅलॅक्स १०० यार्डावर पक्कं केलेला ४० मिमीचा स्कोप १० मीटरवर वापरला आणि डोळा कडेला गेला, तर चूक १८ मिमीपर्यंत जाते. २५ मिमीच्या भोकाला मग कुठलंच रेटिकल वाचवणार नाही. १० मीटरपर्यंत फोकस होणारा, पुढे किंवा बाजूला रिंग असलेलाच घ्या.

स्प्रिंगवाला: स्प्रिंग रायफल मागे झटकते आणि लगेच पुढेही. बारुदाच्या बंदुकीसाठीच्या स्कोपची आतली रचना मागच्या झटक्यासाठी असते. पुढच्या झटक्याने रेटिकल तिरकं होतं किंवा झीरो भटकतो. एअर रायफलसाठी असल्याचं लिहिलेलाच स्कोप घ्या, एक-तुकडा माउंट (स्कोप रायफलवर बसवायची पकड) आणि ती सरकू न देणारी स्टॉप पिन लावा. नाहीतर माउंट हळूहळू मागे सरकतो आणि दोष रेटिकलला लागतो. लोखंडी टार्गेटवरून शिशाचे तुकडे उलटे येतात, १० मीटरवर चष्मा घातल्याशिवाय झाडू नका.

नेम_औंध: शिकारीचं राहिलं. ससा, तित्तर, कुठलाही वन्यप्राणी मारायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तेव्हा ते लेख फक्त अंतर आणि भोकाच्या आकारासाठी वाचा. आणि .२२च्या मोहात पडू नका. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७पेक्षा मोठा बोअर (नळीचा व्यास) किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो. तुमची रायफल सुमारे १६ ज्यूलची आहे.